अरण्य आणि लोककला

लोककला एकांतात जन्मते आणि एकांत सरला की लोपते, असे पुष्कळांना वाटते. डहाणू व जव्हार या भागांतील वारली समाजाची कला पाहता हे मत अपुरे ठरते. डोंगर व अरण्य यांमुळे हा समाज दीर्घकाळ बाह्य जगापासून दूर राहिला, हे खरे. परंतु त्याच्या कलेला रूप दिले ते भोवतालच्या सृष्टीने. कुडाची भिंत, तीवर शेणामातीचे वा गेरूचे सारवण, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि बांबूची काडी, एवढीच चित्राची सामग्री. तारपा हे वाद्यही वाळलेला भोपळा आणि बांबू यांचेच. लग्नप्रसंगी सुवासिनी भिंतीवर चौक लिहितात; त्यात पालघट देवी आणि तिच्याभोवती झाडे व पशुपक्षी असतात. १९७० नंतरच्या दशकात ही चित्रे कागदावर उतरली. जिव्या सोमा म्हसे या चित्रकारास २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. एकांत सरला, तरी कला लोपली नाही. मात्र अरण्यच उरले नाही, तर पुढच्या पिढ्या भिंतीवर काय लिहितील? लोककला जपण्यासाठी कोणत्याही समाजास जगापासून दूर ठेवू नये. त्याचे अरण्य मात्र राखावे.