कोंबडी खुडूक झाली!

मुलांनो, दोन-तीन दिवस तुमची कोंबडी खुराड्यातून उठत नसेल, अंग फुगवून बसत असेल आणि हात पुढे केला की टोचायला येत असेल, तर ती आजारी नाही बरं का! ती खुडूक झाली आहे. तिला अंडी उबवायची आहेत.

घरोघरी वाद सुरू होतो तो इथेच. उबवणीचे 21 दिवस आणि पुढे पिल्लं हिंडवण्याचे महिना-दोन महिने ती अंडी देत नाही. मग आई म्हणते, "बुडव तिला पाण्यात, येईल ताळ्यावर." आईचा हिशेब काही खोटा नाही. त्याच अंड्यांवर कुणाच्या वह्या-पेन्सिली येतात. पण जुन्या कोंबड्यांच्या जागी नव्या नकोत का? मला विचाराल तर वर्षातून एकदा तरी कोंबडीचं ऐकावं. फक्त भर पावसाचे दिवस टाळा, पिल्लं भिजून दगावतात.

कोंबडीला जबरदस्तीने खुडूक करता येत नाही. चार-पाच अंडी जागच्या जागी राहू दिली, तर तिला बसायची ओढ लागू शकते, एवढंच आपल्या हातात. दुकानातली पांढरी अंडी मात्र तिच्याखाली ठेवू नका हं. ती देणाऱ्या कोंबड्यांसोबत कोंबडा नसतो, मग पिल्लू येणार कुठून?

अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात पाटी ठेवा. तळाला राख, वर भाताचा पेंढा. आठवड्याच्या आतली 10-12 अंडी घ्या आणि कोंबडीला रात्री अलगद त्यांवर बसवा. सगळी अंडी एकाच दिवशी ठेवायची, ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची. रोज एकेक वाढवलं, तर आधीची पिल्लं निघताच आई त्यांना घेऊन उठते आणि मागची अंडी गार पडतात. आत जिवंत पिल्लू असतं, तरीही.

दिवसातून एकदा ती दाणापाण्याला उठेल, उठू द्या. अंडी तीच चोचीने फिरवते. सातव्या रात्री एकेक अंडं बॅटरीच्या उजेडासमोर धरून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या, तर आत जीव आहे! अगदी स्वच्छ दिसणारं अंडं काढून टाका. अठराव्या दिवसानंतर मात्र हात लावायचा नाही.

टरफलाला भोक पडल्यावरही पिल्लू बाहेर यायला कित्येक तास लागतात. सोलायला जाऊ नका. आतल्या पापुद्र्यात अजून रक्त असतं, ते वाहून पिल्लू मरतं. बाहेर आल्यावर दिवसभर त्याने काही खाल्लं नाही, तरी घाबरू नका. अंड्यातला पिवळा बलक त्याने पोटात घेतलेला असतो, तीच त्याची शिदोरी.

मग बारीक कण्या आणि उथळ बशीत पाणी द्या. बशीत चार खडे टाका, म्हणजे पिल्लू बुडणार नाही. घार आली तर कोंबडीच ओरडून सगळ्यांना पंखाखाली घेईल. रात्री मांजर येतं. तेव्हा डालं झाकून वर दगड ठेवायचं काम तुमचं.