निकालाची टक्केवारी आणि पटावरची मुले

दहावीचा निकाल लागला की ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत शाळांच्या फाटकांवर अभिनंदनाचे फलक लागतात. 'शाळेचा निकाल १०० टक्के' ही ओळ त्यांवर सर्वांत मोठ्या अक्षरांत असते. ज्या लहान शाळेला ती लिहिता येत नाही, तिच्याविषयीचे पालकांचे मत त्याच आठवड्यात पक्के होते. ही ओळ वाचावी कशी, एवढाच प्रश्न आम्हाला येथे मांडायचा आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे आणि अध्यापकांपुढे तो मांडण्याचे कारण असे की, कोणतेही विधान संदर्भापासून तोडून वाचू नये हे आपण वर्गात रोज सांगतो. निकालाच्या बाबतीत मात्र ते सोयीस्करपणे विसरतो.

प्रथम अंकगणित पाहू. दोनशे मुले परीक्षेला बसवणाऱ्या शाळेत एक मूल अनुत्तीर्ण झाले तर निकाल अर्ध्या टक्क्याने उतरतो. वीस मुलांच्या शाळेत तो पाच टक्क्यांनी उतरतो. परीक्षेच्या आठवड्यात एका घरात आजारपण निघाले, एवढ्यानेही लहान शाळा 'घसरते'. शिवाय मोजपट्टी स्वतःच स्थिर नसते. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के, २०१९ मध्ये ७७.१० टक्के आणि २०२० मध्ये ९५.३० टक्के लागला. तेवढ्या अवधीत महाराष्ट्रातील मुले आधी मंद आणि नंतर कुशाग्र झाली, असे कोणी म्हणणार नाही. २०१९ मध्ये अभ्यासक्रम नवा होता, आणि भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांतील शाळेच्या हाती असलेले वीस गुण त्या वर्षी काढून घेतले होते. पुढल्या वर्षी ते परत मिळाले. शिवाय करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे गुण सरासरीने दिले गेले.

दुसरा मुद्दा गाळणीचा. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा' (२००४) या कादंबरीमुळे नववीचा वर्ग मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. निकालाच्या दृष्टीने पाहिले तर हीच इयत्ता निर्णायक ठरते. शिक्षणहक्क कायद्याचे (२००९) संरक्षण आठवीपर्यंत आहे. त्यापुढे मूल शाळेत टिकवण्याचे बंधन सैल होते. मग कच्च्या मुलाच्या पालकांना बोलावून 'बाहेरून १७ नंबरचा अर्ज भरा' असा सल्ला दिला जातो. खाजगी विद्यार्थी म्हणून बसलेल्या त्या मुलाचा निकाल शाळेच्या नियमित निकालात धरला जात नाही. आमच्यापैकी जे शिक्षक आहेत, त्यांना हा सल्ला अपरिचित नाही. तेव्हा शंभर टक्क्यांचा फलक पाहताना, ही शंभर टक्के मुले नववीच्या हजेरीपटावरील कितीपैकी, हे विचारल्यावाचून त्याचे वाचन पुरे होत नाही.

याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण ठाण्यातच आहे. जून २०१६ मध्ये तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांनी सिग्नल शाळा सुरू केली. मालवाहू कंटेनरांत तिचे वर्ग भरू लागले. सिग्नलवर गजरे आणि किरकोळ वस्तू विकणारी मुले तिच्या पटावर आली. त्यांची कुटुंबे प्रामुख्याने मराठवाड्याच्या दुष्काळी भागांतून आलेली. त्यांत पारधी समाजाची पुष्कळ. २०१८ मध्ये या शाळेतून दोन मुले दहावीला बसली आणि दोघेही उत्तीर्ण झाले. तक्त्यात हाही निकाल शंभर टक्केच. परंतु एका शाळेने मुले वगळून हा आकडा गाठावा आणि दुसरीने कोणत्याच पटावर नसलेली मुले रस्त्यावरून आणून तो गाठावा, या दोहोंना एकच अंक लावणे हा हिशेब नव्हे.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे आणि तो रास्त आहे. मुलांची पार्श्वभूमी पुढे करून शाळा आपले अपयश झाकणार नाहीत काय? झाकतात. 'आमच्याकडे मुलेच तशी येतात' हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत आम्ही अनेकदा ऐकले आहे; प्रामाणिकपणे सांगायचे तर कधी कधी उच्चारलेही आहे. ते वाक्य मुलाची जात आणि झोपडी सांगते. आपण काय शिकवले हे सांगत नाही. म्हणून आमचे म्हणणे दुहेरी आहे. पट न पाहता निकाल वाचणे हा शिक्षकावर अन्याय आहे, आणि निकाल न पाहता पट वाचणे हा मुलावर.

हा पट बदलला आहे. नोकरदार मराठी घरांतील मुले इंग्रजी माध्यमाकडे गेली, आणि या पट्ट्यातील लहान मराठी शाळांत घरकाम करणाऱ्या बाईची, रिक्षाचालकाची, नाक्यावर काम शोधणाऱ्या मजुराची मुले उरली. त्यांतील काहींच्या घरी हिंदी, कानडी किंवा तेलुगू बोलली जाते. अशाच एका मुलीने पावसाळ्यावरील निबंधात 'रात्री घरात पाणी आला' असे लिहिले होते. आम्ही 'आला'खाली लाल रेघ मारली आणि नियमाप्रमाणे गुण कापला. तो निबंध वर्गातील सर्वांत खरा निबंध होता, हे लिहायला मात्र समासात जागा सापडली नाही.

ठाण्यात २०१० साली आणि डोंबिवलीत २०१७ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. मराठीला वाचक उरणार काय, ही चिंता संमेलनांना नवी नाही. २०२४ मध्ये भाषेला अभिजात दर्जाही मिळाला. आमच्या मते त्या चिंतेचे एक उत्तर या लहान शाळांच्या पटावर बसलेले आहे. घरी मराठी नसताना मराठीतून दहावीपर्यंत पोहोचलेले मूल हे या भाषेचे नवे वाचक आहे. आणि 'निकाल घसरला' म्हणून शाळेचा पट आटला, पटाबरोबर शिक्षकांची पदे गेली आणि शेवटी शाळा मिटली, तर जाणारे पहिले तेच असेल.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक शाळेने फलकावर निकालाच्या शेजारी आणखी दोन आकडे लिहावेत: दोन वर्षांपूर्वी आठवीच्या पटावर किती मुले होती आणि त्यांपैकी किती जणांनी याच शाळेतून दहावीची परीक्षा दिली. बाहेरगावी गेलेल्यांची नोंद वेगळी करता येईल. हे दोन्ही आकडे शाळेच्या दप्तरात आहेत. ते फलकावर आले, तर शंभर टक्क्यांच्या काही पाट्या उतरतील आणि सत्तर टक्क्यांच्या काही शाळांपुढे पालक थोडे थांबतील.