व्हिसासाठी लग्न कोण करतं?

"बरं झालं बाई, फॉरेनचाच नवरा मिळाला. आता व्हिसाची काळजी मिटली!"

गेल्या वर्षभरात हे वाक्य मी सावेडीपासून श्रीरामपूरपर्यंतच्या यच्चयावत नातेवाइकांकडून ऐकलंय. ह्याचीच एक हळू आवाजातली आवृत्ती पण आहे. "व्हिसासाठी तर नाही ना केलं तिनं?" पहिलं वाक्य माझ्या तोंडावर, दुसरं आईला स्वयंपाकघरात गाठून. दोन्हींचा अर्थ एकच, की लग्न म्हणजे व्हिसा. आज ह्या दोन्ही वाक्यांचा समाचार घ्यायचा आहे. मंडळी, राग मानू नका. मानलात तरी चालेल, पण आधी पूर्ण वाचा आणि मग माना.

आधी "काळजी मिटली" बद्दल.

माझा नवरा जर्मन आहे. आता मी त्याच्याबरोबर तिकडे जायचं ठरवलंय. तर जर्मनीत ऑगस्ट २००७ पासून असा नियम आहे की, काही अपवाद सोडले तर, नवरा-बायकोच्या व्हिसासाठी येणाऱ्याला आधी जर्मन भाषेची ए-१ परीक्षा पास व्हावी लागते. लग्न झालेलं असो, नवरा अस्सल जर्मन असो, परीक्षा चुकत नाही. त्यामुळे माळीवाड्याच्या स्टँडवरून पुण्याची एसटी, पुण्यात मॅक्स म्युलर भवन, आणि संध्याकाळी १२० किलोमीटर परत, असा माझा गेल्या काही महिन्यांचा दिनक्रम आहे. "ते घर माझ्या मामाचं आहे" हे जर्मनमध्ये बिनचूक सांगता आलं की मग म्हणे मी नवऱ्याबरोबर राहायला लायक!

बाकीचे देश काही फार मायाळू आहेत असं नाही. ब्रिटिश माणसाला परदेशी बायको घरी आणायची तर पगाराच्या स्लिपा दाखवाव्या लागतात. २०१२ साली ही मर्यादा वर्षाला १८,६०० पौंड होती, एप्रिल २०२४ मध्ये ती २९,००० पौंड केली. म्हणजे कमी पगाराच्या इंग्रजाने प्रेम आपल्या गल्लीतच उरकावं! अमेरिकन जोडीदाराला तिथल्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट उत्पन्न दाखवून हमीपत्र द्यावं लागतं. वर लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत तिथे पोचलात तर ग्रीन कार्ड मिळतं तेही दोन वर्षांचं, अटी घातलेलं. दोन वर्षांनी पुन्हा दोघांनी मिळून अर्ज करायचा आणि आम्ही अजून खरोखरच नवरा-बायको आहोत हे पटवायचं. १९८६ च्या कायद्यापासून हे चालू आहे. ह्यात "काळजी मिटली" कुठे आली?

पण परदेशी सरकारांवर तोंडसुख घेण्याआधी आपल्या घरचे कागद बघू. निम्मी धावपळ इथलीच आहे.

आमच्या मावशीबाईंचं म्हणणं, "मंगल कार्यालयात सप्तपदी करून टाका, गुरुजी सर्टिफिकेट देतात." नाही हो मावशी, चालत नाही. हिंदू विवाह कायदा दोघेही हिंदू असतील तरच लागू होतो. एक जण हिंदू आणि दुसरा ख्रिश्चन असेल तर त्या कायद्याखाली लावलेलं लग्न कायदेशीर नाही, असं सुप्रीम कोर्टाने २००८ साली स्वच्छ सांगितलंय. सप्तपदी हौसेने जरूर करा, फोटो काढा, जिलबी वाढा. पण कागद हवा तो विशेष विवाह कायदा, १९५४ चा. लोक ह्याला "कोर्ट मॅरेज" म्हणतात. त्यात कोर्टाचा काही संबंध नसतो, विवाह अधिकारी असतो. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात निदान ३० दिवस वास्तव्य हवं, मग नोटीस द्यायची, ती बोर्डावर लागते, हरकतीसाठी ३० दिवस थांबायचं, आणि मग तीन साक्षीदारांसमोर सही. तीन महिन्यांत लग्न केलं नाही तर नोटीस बाद, पुन्हा पहिल्यापासून.

बोर्डावर लावलेली ही नोटीस हा एक वेगळाच प्रकार. कुणीही यावं, वाचावं आणि गावभर करावं. लग्न आमचं, पत्ता आमचा, आणि चर्चा चितळे रोडवर. एका ऑफिसातल्या साहेबांनी तर माझे कागद चाळता चाळता विचारलं, "आपल्याकडची मुलं संपली का?" मी म्हटलं, साहेब, हा रकाना फॉर्ममध्ये दिसत नाहीये. त्यानंतर माझी फाईल त्यांच्या टेबलावर तीन आठवडे निवांत झोपली. असो.

मग नावांचा गोंधळ. आपल्याकडे मुलीचं मधलं नाव बापाचं, लग्नानंतर नवऱ्याचं, आडनाव बदलतं ते वेगळंच, आणि हौशी सासर असेल तर तांदळात अंगठीने लिहून पहिलं नावही बदलून टाकतात. कार्यक्रम फार गोड असतो. पण दहावीच्या सर्टिफिकेटवर एक बाई, आधारवर दुसरी आणि पासपोर्टवर तिसरी अशा तीन बायका तयार होतात, आणि व्हिसाच्या खिडकीपलीकडच्या माणसाला ह्या तिघी एकच आहेत हे कसं समजावणार? त्यात आता जिल्ह्याचं नाव. २०२४ साली अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. माझ्या जन्मदाखल्यावर जुनं नाव, लग्नाच्या दाखल्यावर नवं. अहिल्यादेवी चौंडीच्या, आपल्याच जिल्ह्यातल्या, त्यामुळे अभिमान आहेच. पण ज्याला नकाशावर पुणंसुद्धा सापडत नाही त्याच्या लेखी ही दोन वेगळी गावं आहेत. म्हणून नामांतराच्या अधिसूचनेची प्रत आणि तिचं भाषांतर फाईलमध्ये ठेवलंय. परदेशी जाणाऱ्या नगरकरांनो, तुम्हीही ठेवा.

शिक्क्यांचं पण सांगते. २००५ पासून भारतात अपोस्टिल चालतं. आधी राज्याचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, की बऱ्याच देशांत तो दाखला चालतो. पण भारत ह्या करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत नोंदवली. त्यामुळे जर्मनीसाठी तो शिक्का पुरत नाही. गरज वाटली तर वकिलातीमार्फत इथे माणूस धाडून रजिस्टरमध्ये नोंद खरी आहे का, हे तपासून घेतात. "शिक्क्याचं मी बघतो, तुम्ही फक्त पैसे द्या" म्हणणाऱ्या एजंटला म्हणूनच आधी विचारा, कुठल्या देशासाठी बघतोस बाबा?

आता दुसरं वाक्य. हे जास्त लागतं. "व्हिसासाठी तर नाही ना केलं?"

व्हिसासाठी लग्नं होतात हो. नाही कोण म्हणतंय? पण कोण करतं ते जरा बघू या. कुठल्याही रविवारच्या पेपरातलं वधू-वर पान उघडा. "यूएस स्थित", "ग्रीन कार्डधारक", "परदेशी जाण्यास इच्छुक वधू हवी". मुलाच्या नावाआधी त्याचा व्हिसा छापलेला असतो! पंधरा दिवसांच्या सुट्टीत मुलगा येतो, शुक्रवारी बघणं, रविवारी साखरपुडा, आणि पुढच्या आठवड्यात व्हिसाची तारीख गाठायची म्हणून घाईघाईने रजिस्ट्रेशन, "लग्न डिसेंबरात थाटात करू." हे इतकं बोकाळलंय की एप्रिल २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका निकालात ह्या प्रकारावर नाव घेऊन टीका केली. व्हिसाचा वेळ वाचावा म्हणून आईबाप विधी होण्याआधीच विवाहनोंदणी करून टाकतात, हे बरोबर नाही, आणि विधी झालेच नसतील तर हिंदू विवाह कायद्याखाली नुसत्या सर्टिफिकेटने लग्न होत नाही, असं कोर्ट म्हणालं. ह्या घरांना कुणी विचारतं का, "व्हिसासाठी तर नाही ना केलं?" उलट पेढे वाटतात. आणि जे दोघे चार वर्षं एकमेकांना ओळखतात, भांडून-तंडून लग्न करतात, त्यांच्याकडे संशयाने बघायचं. ही कुठली रीत?

आणि परदेशी माणूस म्हणजे नगरला काही नवलाई नाही. दर ३१ जानेवारीला अमरतिथीसाठी अरणगावला मेहेराबादमध्ये जगभरातून लोक येतात. आपण कौतुकाने त्यांना रस्ता दाखवतो. शिर्डीत पण तेच. पाहुणा म्हणून चालतो, जावई म्हणून पोटात दुखतं.

हा संशय तसा जुना आहे. अमेरिकेत १९२२ साली कायदा झाला की नागरिकत्वाला अपात्र असलेल्या परदेशी माणसाशी अमेरिकन बाईने लग्न केलं तर तिचंच नागरिकत्व जाणार. १९२३ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने भारतीयांना अपात्र ठरवलं. झालं! क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या अमेरिकन पत्नी मेरी ह्यांनी आपलं नागरिकत्व असंच गमावलं. १९३१ मध्ये ही तरतूद गेली.

आणि आपलं सरकार? वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, गदर चळवळीतले, पुढे मेक्सिकोत शेतीशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेले. त्यांची पत्नी जान बेल्जियन. स्वातंत्र्यानंतर ह्या माणसाने मायदेशी यायला व्हिसा मागितला, तर ब्रिटिशांनी घातलेली बंदी कागदोपत्री तशीच होती म्हणून आधी नकार मिळाला! नंतर तो फिरवला गेला, १९५५ साली ते कायमचे परतले, १९६७ मध्ये नागपुरात वारले. ज्या देशासाठी आयुष्य घातलं त्याच्याच दारात व्हिसा मागायची वेळ.

आजही आपण काही वेगळे नाही. माझ्या नवऱ्याला ओसीआय कार्ड हवं असेल तर लग्नाची नोंदणी होऊन ते सलग दोन वर्षं टिकलेलं हवं. घटस्फोट झाला तर कार्ड रद्द होऊ शकतं. नागरिकत्व हवं तर भारतात सात वर्षांचं वास्तव्य. म्हणजे अमेरिकेच्या दोन वर्षांवर बोटं मोडणाऱ्या आपल्या देशाची पण दोनच वर्षं आहेत. सगळी सरकारं सारखीच. त्यांचं एक वेळ समजू शकतं, ती मला ओळखत नाहीत. तुम्ही तर मला बारशापासून ओळखता!

मग नातेवाइकांनी विचारायचंच नाही का? विचारा की. पण कामाचं विचारा.

जोडीदाराच्या नावावर मिळणारा व्हिसा हे बक्षीस नाही, ती एक दोरी आहे आणि तिचं दुसरं टोक नवऱ्याच्या हातात असतं. जर्मनीत साधारण तीन वर्षं एकत्र संसार होण्याआधी फाटलं, तर त्रासाच्या वगैरे खास कारणांशिवाय बाईचा राहायचा स्वतंत्र हक्क उभा राहत नाही. अमेरिकेत एच-४ वर गेलेल्या आपल्या कितीतरी शिकलेल्या मुली मे २०१५ पर्यंत कायद्याने नोकरीच करू शकत नव्हत्या, आणि त्यानंतरही सगळ्यांना परवानगी नाही. परदेशी टाकून दिलेल्या बायकांच्या तक्रारी इतक्या, की २००९ पासून राष्ट्रीय महिला आयोगाला त्यासाठी वेगळा कक्ष चालवावा लागतो. त्या बहुतेक जणींचे नवरे आपलेच होते, पत्रिका जुळवून आणलेले.

तेव्हा मला, आणि उद्या परदेशी निघणाऱ्या कुठल्याही मुलीला, हे विचारा. पासपोर्ट तुझ्या स्वतःच्या ताब्यात राहील ना? तिकडे तुझ्या एकटीच्या नावाचं खातं असेल ना? इथल्या खात्याचं एनआरओ केलंस का? पुणे विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट काढून घेतलीस का, नाहीतर तिकडे नोकरी मागताना पुन्हा खेपा. तुझी डिग्री तिथे मानतात का? परतीच्या तिकिटापुरते पैसे फक्त तुझ्या हातात आहेत का? एमएच-१६ चं लायसन्स जर्मनीत सहा महिनेच चालतं, पुढचं काय? आणि आईला बरं नसलं तर किती तासांत पोचशील?

एवढं विचारलंत तर मी खाली बसून, चहा करून, सगळी उत्तरं देईन. काहींची अजून माझ्याकडे नाहीत, ती दोघे मिळून शोधू. पण "व्हिसाची काळजी मिटली" म्हणालात तर पुढच्या वेळी मी जर्मनमध्ये उत्तर देणार आहे. ए-१ पुरतं येतंय आता. :-)