यंत्रविचार : जुन्या मोटारीची अन्नवाहिनी

घरांतील वृद्ध मनुष्य आजारी पडला असतां जो तो आपापल्या आवडीचें औषध सुचवितो. त्याचप्रमाणें जुनी मोटार रस्त्यांत थांबली म्हणजे भोंवतीं जमलेला प्रत्येक मनुष्य कार्ब्युरेटरकडे बोट दाखवितो. हें नांव उच्चारावयास अवघड आणि त्याचें कार्य बहुतेकांस अपरिचित. म्हणून सर्व पातकें त्याच्या माथीं मारणें सोयीचें पडतें. जुनी प्रीमियर पद्मिनी हौसेनें नव्यासारखी करून घेतली, रंग झाला, गाद्या झाल्या, परंतु गाडी वीस मिनिटें चालून थांबते, अशा आशयाचीं पत्रें आमच्याकडे येत असतात. तेव्हां या महिन्यांत पेट्रोलच्या मार्गाचाच विचार करूं.

वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत, फियाट ११०० च्या धर्तीवर ही गाडी तयार होई. १९७४ पासून तिला पद्मिनी हें नांव मिळालें. तिचें इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचें. ती निर्माण होण्याचें थांबून पाव शतक होत आलें, आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईंतील पद्मिनी टॅक्सीहि रस्त्यांवरून गेली. तथापि अनेक घरांत ती अद्याप पडवींत किंवा पत्र्याच्या छपराखालीं उभी आहे.

तिच्या पेट्रोलची टाकी मागल्या अंगास असते. तेथून धातूची नळी गाडीच्या तळाखालून पुढें येते. जोडाच्या ठिकाणीं रबरी नळीचे तुकडे असतात. इंजिनाच्या कुशीस पंप आहे. या पंपास वीज लागत नाहीं. इंजिनांतील कॅमशाफ्टवरचा उंचवटा एक दांडी हालवितो, दांडी आंतील लवचिक पडदा खालींवर करते, आणि दोन झडपांच्या योगानें पेट्रोल एकीकडून ओढलें जाऊन दुसरीकडे ढकललें जातें. कार्ब्युरेटरच्या वाटींत फ्लोट तरंगत असतो. वाटी भरली कीं तो वर येऊन सुईनें दार बंद करतो. वाटींतील पेट्रोल जेटच्या बारीक छिद्रांतून हवेच्या झोतांत मिसळतें, तें वजनानें सुमारें पंधरा भाग हवेस एक भाग या प्रमाणांत.

वाचकांनीं येथें एक गोष्ट मनांत धरून ठेवावी. टाकीपासून पंपापर्यंतचा मार्ग ओढीचा, आणि पंपापासून पुढचा मार्ग ढकलण्याचा. ढकलण्याच्या मार्गांत चीर पडली तर पेट्रोल गळतें व वास सुटतो. ओढीच्या मार्गांत वरच्या बाजूस चीर पडली, तर इंजिन चालूं असतां एक थेंबहि बाहेर येत नाहीं. उलट बाहेरची हवा आंत शिरते. नळी कोरडी आहे म्हणून निर्दोष आहे, हें अनुमान या ठिकाणीं हेत्वाभास ठरतें.

सांगलीकडील आमच्या एका स्नेह्यांच्या घरचें उदाहरण सांगतों. एकत्र कुटुंब, पद्मिनी १९७६ ची, अकरा वर्षें उभी असलेली. धाकट्या पुतण्यानें ती दुरुस्त करविली. घरांतील थोरल्या काकूंचें वय अठ्ठ्याहत्तर. याच गाडींतून आंबा घाटानें गणपतिपुळ्यास जावें, ही त्यांची इच्छा. परंतु गाडी कोल्हापूरच्या वाटेवर अंकलीच्या आसपास आचके देऊन थांबे, आणि पाव तास विसांवा मिळाला कीं कांहीं न झाल्यासारखी सुरू होई. फिटरनें पंप बदलला, फरक नाहीं. कार्ब्युरेटर उघडून नवीन वॉशर घातले; फरक नाहीं. एकदां त्यानें कार्ब्युरेटरवर पान्हा आपटला आणि गाडी सुरू झाली, तेव्हां रोग सांपडला असें जाहीर झालें. हा शुद्ध काकतालीय न्याय. कावळा बसला आणि ताडाचें फळ पडलें. गाडी पाव तासानें सुरू व्हावयाचीच होती, पान्हा मध्यें निमित्तास आला. तिसऱ्या खेपेस नव्या गाडीचा विजेचा पंप बसविण्याची सूचना आली. घरांतील दोघे बंधु म्हणूं लागले, "आतां पुरे. भंगारवाला किंमत देतो आहे, ती घ्यावी. वहिनींना घेऊन घाटांत थांबली म्हणजे?" त्यांचा प्रश्न रास्त होता. कठडा, उतार, मागून येणारे ट्रक आणि आंत वृद्ध माणूस. तेथें हौस पुरत नाहीं.

विजेच्या पंपाबद्दल आधीं सांगतों. जुना पंप दर चौरस इंचास दोनचार पौंडांचाच दाब देतो. इंजेक्शनच्या नव्या गाड्यांच्या पंपाचा दाब चाळीस पौंडांहून अधिक असतो. तो येथें लावल्यास बिचारी सुई दार लावूंच शकत नाहीं, आणि पेट्रोल वाटीबाहेर ओसंडून तापलेल्या इंजिनावर पडतें. दुरुस्तीच्या नांवाखालीं घर पेटविण्याचाच हा मार्ग.

स्नेह्यांनीं आम्हांस बोलाविलें. आम्हांस पान्हा धरतां येत नाहीं. परंतु अन्वय आणि व्यतिरेक आम्हीं मुलांस पुष्कळ वर्षें शिकविले आहेत. जें असतां कार्य होतें व जें नसतां होत नाहीं, तें कारण. शिवाय सूचीकटाहन्यायानें लहान काम आधीं करावें. लोहारापुढें सुई आणि कढई दोन्ही आल्या तर तो सुई प्रथम करून देतो. म्हणून खर्चाचें कांहीं न करतां आधीं पुतण्यास चार प्रश्न विचारले.

गाडी एकदम बंद पडते, कीं आचके देत? आचके देत. विजेकडील दोषानें इंजिन बहुधा दिवा मालवावा तसें एकाएकीं थांबतें. उपासानें तें धापा टाकीत थांबतें. तरीहि थांबल्याबरोबर ठिणगी पाहिली, ती होती. (कंडेन्सर तापल्यावर हेंच सोंग करतो, म्हणून ही परीक्षा टाळूं नये.) थांबल्यावर टाकीचें झाकण उघडलें तर सूं असा आवाज होतो काय? टाकीस श्वास घेण्यास छिद्र असावें लागतें. तें बुजलें तर आंत पोकळी होऊन पेट्रोल अडतें. येथें आवाज नाहीं, फरकहि नाहीं. नळींत पेट्रोलची वाफ होऊन तर अडत नसेल? उन्हाळ्यांत घाट चढतांना हें घडतें, आणि जुने ड्रायव्हर पंपावर ओलें फडकें ठेवीत तें याचसाठीं. परंतु मार्गशीर्षांतील पहांटे पांच वाजतांहि गाडी त्याच वीस मिनिटांनीं थांबली. उष्णता नसतांहि कार्य घडलें. तो हेतु गळाला.

मग बाटलीची परीक्षा. इंजिन थंड, गाडी उघड्यावर, ठिणगीची तार काढलेली, जवळ अग्निशामक नळकांडें. कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी जाड काचेच्या बाटलींत सोडून इंजिन स्टार्टरनें फिरविलें. पेट्रोल ठोक्याठोक्यानें आलें, पण फेसाळ, बुडबुड्यांसह. पंप काम करीत होता. त्यास हवा पाजली जात होती. शेवटीं पंपाची मागील नळी सोडवून ती स्वच्छ पेट्रोलच्या लहान डब्यांत बुडविली आणि गाडी जागच्याजागीं पाऊण तास चालविली. ती थांबली नाहीं. पंप तोच, कार्ब्युरेटर तोच. टाकी व तिची नळी तेवढी वगळली आणि दोष गेला. व्यतिरेक सिद्ध झाला.

टाकी उतरविली तेव्हां दोन अपराधी सांपडले. टाकीजवळच्या रबरी नळीस जोडाशीं केसाएवढी चीर होती, आणि तिचा आंतला थर फुगून सुटला होता. टाकीच्या तळाशीं वाटीभर गंज. पंप ओढूं लागला कीं गंज टाकींतील जाळीवर जाऊन बसे; ओढ थांबली कीं तो पुन्हां तळाशीं. पाव तासाच्या विसांव्याचें रहस्य हें.

ही दुर्दशा कां झाली? अर्धवट भरलेल्या टाकींत पावसाळ्याची दमट हवा थिजून पाणी होतें व पत्रा गंजतो. जुन्या पेट्रोलचा डिंक बनतो. त्यांतून आपल्या देशांत पेट्रोलमध्यें इथेनॉलचें प्रमाण २०२५ पर्यंत वीस टक्क्यांवर आलें. इथेनॉल पाणी शोषतें, जुना डिंक सोडवून पुढें ढकलतें, आणि त्या काळच्या रबरास फुगवितें. म्हणून अशा गाडीचें पहिलें काम रंगाचें नव्हे. सर्व रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या जातीचे घ्यावेत. पडदा फाटल्यास पेट्रोल इंजिनाच्या तेलांत उतरतें. तेलाची पातळी वाढलेली दिसली व पट्टीस पेट्रोलचा वास आला, तर गाडी मुळींच सुरू करूं नये.

आतां ज्याविषयीं आम्हांस सर्वांत अधिक भय वाटतें तें सांगतों. टाकीस दोन बारीक भोंकेंहि निघालीं, तेव्हां एक कारागीर "रिकामीच तर आहे" म्हणून वेल्डिंगची बत्ती घेऊन आला. स्नेह्यांनीं त्यास हाताला धरून मागें ओढलें. भरलेल्या टाकीपेक्षां रिकामी टाकी घातक. हवेंत शेंकडा सुमारें दीड ते साडेसात भाग पेट्रोलची वाफ असली कीं ती भडकते, आणि रिकाम्या टाकींत नेमकी तशीच हवा असूं शकते. ही वाफ हवेहून जड. ती जमिनीलगत सरपटत जाते. पडवींत टाकी उघडली असेल तर शेजारच्या स्वयंपाकघरांतील गॅस आणि देवघरांतील निरांजनहि विझवून ठेवावें. घरांतील स्त्रियांस हें आधीं सांगितलें पाहिजे. ती टाकी शेवटीं वेल्डिंगविना बदलली.

कार्ब्युरेटर उघडावाच लागला, तर जेटमध्यें तार घालूं नये. पितळ मऊ असतें, आणि त्यावरील अंक साधारणपणें छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शतांशांत सांगतो. तारेच्या एका ओरखड्यानें तो अंक खोटा होतो. द्रावण आणि हवेचा झोत पुरेसा आहे. फ्लोट कानाशीं हालवून पाहावा. आंत पेट्रोल खळखळलें तर तो बुडतो, वाटी ओसंडते, व काळा धूर येतो.

स्नेह्यांच्या गाडींत पंपाच्या अलीकडे पारदर्शक गाळणी बसविली. पहिल्या शंभर मैलांत ती तांबूस झाली, ती बदलली. दुसरी स्वच्छ राहिली. पौषांत काकूंनीं आंबा घाट उतरून समुद्र पाहिला. भंगारवाल्याचा फोन अद्याप अधूनमधून येतो.

ठिणगीकडील बाजू, विशेषतः कंडेन्सर व पॉइंट, पुढील अंकीं.