पोटखराब्याची श्रीमंती

बँकेतील नोकरीची बरीच वर्षे मी सातबाऱ्याचे उतारे वाचण्यात घालवली. कर्जाचा अर्ज आला की लागवडीखालचे क्षेत्र पाहायचे आणि ‘पोटखराबा’ म्हणून नोंदलेला आकडा सोडून द्यायचा. जिथे पीक येत नाही त्या जमिनीला तारणात किंमत नाही, असा सरळ हिशेब. तो केवळ आपल्या महसूल खात्याचा नव्हे. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, केथनेस आणि सदरलँड परगण्यांत, ‘फ्लो कंट्री’ नावाचा विस्तीर्ण दलदलीचा माळ आहे. त्यालाही हाच हिशेब लावला गेला आणि त्याची किंमत लोक अजून चुकवीत आहेत.

हा माळ सुमारे ४,००० चौरस किलोमीटरचा. थंड हवा, बारमाही पाऊस आणि निचऱ्याचा अभाव, यांमुळे तेथे मेलेल्या वनस्पती पुरत्या कुजत नाहीत. स्फॅग्नम नावाचे शेवाळ स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी धरून ठेवू शकते. त्याचे थर साचत जाऊन ‘पीट’ नावाची काळी, स्पंजासारखी माती बनते. ती वाढते वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर. पण हिमयुग ओसरल्यानंतर हजारो वर्षे वाढत राहिल्याने काही ठिकाणी तिची खोली दहा मीटरपर्यंत गेली आहे. अशा जमिनी पृथ्वीच्या भूभागावर अवघ्या तीन टक्के आहेत आणि जगातील सर्व जंगलांच्या झाडांत नसेल इतका कार्बन त्यांच्या पोटात आहे. अत्यल्प व्याजाची, पण कधीही न मोडलेली ठेवच म्हणा ना!

ती मोडली करसवलतीने. १९८०च्या दशकात ब्रिटनमध्ये मोठ्या मिळकतीवर ६० टक्क्यांपर्यंत आयकर होता आणि वृक्षलागवडीचा खर्च उत्पन्नातून वजा करता येत असे. ‘निरुपयोगी’ माळ स्वस्तात मिळत होता. तेव्हा तिकडे कधी पाऊलही न टाकलेल्या धनिकांच्या पैशातून हजारो हेक्टर माळ नांगरला गेला, चर खणले गेले, सिट्का स्प्रूस आणि लॉजपोल पाइन यांच्या रांगा उभ्या राहिल्या. पाणी निघून गेले की पीट सुकते, खचते. हवा आत शिरते आणि साठलेला कार्बन वायुरूपाने बाहेर पडू लागतो. उघड्या माळावर घरटी करणारे सोनचिखल्यांसारखे पक्षी झाडीच्या आसपास फिरकेनासे झाले. १९८७ साली नेचर कॉन्झर्व्हन्सी कौन्सिल या सरकारी संस्थेने धोक्याचा अहवाल दिला. मार्च १९८८च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी ती सवलतच काढून घेतली आणि लागवडीचा उत्साह ओसरला. झाडांवरचे हे प्रेम किती खरे होते, ते हिशेबाच्या वहीने दाखवून दिले.

मग सुरू झाले निस्तरणे. पक्षिसंरक्षणाचे काम करणाऱ्या आरएसपीबी या संस्थेने १९९५ साली फोर्सिनार्ड येथील जमीन विकत घेतली. आज तिचे तेथील राखीव क्षेत्र २०,००० हेक्टरांहून मोठे आहे. झाडे तोडायची, चरांत बांध घालायचे, नांगराच्या सऱ्या बुजवायच्या आणि पाणी वर येण्याची वाट पाहायची. एका अभ्यासात, दहा वर्षांपूर्वी झाडे काढलेली जमीन अजून कार्बन गमावताना दिसली. सोळा वर्षांपूर्वी मोकळी केलेली मात्र तो पुन्हा साठवू लागली होती. तुरळक वस्तीच्या त्या मुलखात वनीकरणाने रोजगार दिला होता, हेही विसरून चालणार नाही. पण करदात्याने आधी झाडे लावायला सवलत द्यायची आणि पुढे तीच काढायला अनुदान, याला काय म्हणावे?

जुलै २०२४मध्ये याच माळाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तोही नवी दिल्लीत भरलेल्या अधिवेशनात. आपल्या कासच्या पठाराला तो मान पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ सालीच मिळाला आहे. कासला पीट नाही. जांभ्यावरची पातळ माती आणि पावसाळी डबकी एवढेच भांडवल. पण दोन्हीकडची माती निकस आणि ओली, म्हणून कीटक खाऊन जगणारी दवबिंदूच्या कुळातली रोपटी इथेही आहेत आणि तिथेही.

झाड लावणे पुण्याचे, हा संस्कार चांगलाच आहे. २०१९ साली आपल्या राज्याने एका पावसाळ्यात ३३ कोटी झाडांचा संकल्प सोडला होता. अशा संकल्पांना आकडा लागतो आणि आकड्याला मोकळी जागा. मोकळी जागा म्हटली की नजर सड्यांकडे, माळांकडे, पाणथळीकडे जाते. उजाड झालेल्या डोंगरउतारावर, शेताच्या बांधावर, गावच्या रस्त्याकडेला जरूर झाडे लावावीत. सड्यावर खड्डा खणण्यापूर्वी मात्र तिथे आधीपासून काय नांदते आहे, हे एखाद्या पावसाळ्यात वाकून पाहावे. मोडलेली ठेव पुन्हा भरता येते. पण वर्षाला एक मिलिमीटर या दराने.