न दिसणारा उजेड

आपल्या सिल्वासात आता कित्येक घरांत इंटरनेट येते ते काचेच्या तारेतून. शेजारच्या राखोलीत स्टरलाइट टेक्नॉलॉजीजच्या कारखान्यात अशा केबल तयार होतात. तरीही ‘या तारेतून वाहते काय?’ असे वर्गात विचारले, तर बरीच मुले ‘करंट’ म्हणून मोकळी होतात. वाहतो तो लेसरचा प्रकाश.

घरोघरी दिसते ते असे. डब्यावरचा लाल दिवा लुकलुकतो, नेट बंद पडते. मग कोणीतरी वायरचे हिरवे टोक उपसून डोळ्याजवळ नेतो. आत काळोख! ‘लाइनच बंद आहे,’ असा निकाल लागतो.

हा निकाल फसवा आहे. आपल्या डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. घरच्या फायबरमधून प्रकाश सहसा १४९० नॅनोमीटरचा येतो आणि १३१० चा जातो. सूर्याकडे पाहिले की पापणी आपोआप मिटते. इथे डोळ्याला इशाराच मिळत नाही.

घाबरण्याचे मात्र कारण नाही. एक्स्चेंजमधून निघालेला प्रकाश वाटेत ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. आपल्या दारी तो मिलीवॅटच्या काही शतांशाइतका किंवा त्याहूनही कमी उरतो. डब्यातला लेसरही सहसा ‘वर्ग १’ चा, म्हणजे नेहमीच्या वापरात सुरक्षित असतो. पण रस्त्यावर तुटून पडलेली तार कुठून आली, हे बघून कळत नाही. केबल टीव्हीच्या काही लाइनींत प्रकाश कितीतरी जोरदार असतो. भिंगातून टोक पाहणे तर धोक्याचेच, कारण भिंग पसरणारा प्रकाश गोळा करून डोळ्यात सोडते. लाइन तपासायची लाल उजेडाची पेनही लेसरचीच. ती मुलांच्या हाती देऊ नये.

घरात प्रकाशाहून जास्त जपावे ते काचेला. उघडा तंतू जेमतेम ०.१२५ मिलिमीटर जाड. त्याचा तुकडा बोटात रुतला तर सापडत नाही, आणि तोच हात डोळ्याला लागला तर काय होईल ते सांगायला नको. जोडणी करणाऱ्याला सगळे तुकडे चिकटपट्टीवर गोळा करून झाकणाच्या डबीत टाकायला सांगावे. रांगते मूल त्यानंतरच खाली सोडावे.

ओल्या हाताने बटण दाबू नये, हे आपल्या घरांत मुलांना बोलायला लागल्यापासून सांगतात. त्यात आता एका वाक्याची भर घालू या: तारेच्या टोकात डोकावू नये, ते काळोखे दिसले तरी.