स्थलांतरित कलावंताला वेळ कोण देणार?

बर्लिनच्या राज्य सरकारने २०२५ सालच्या सांस्कृतिक खर्चात सुमारे १३ कोटी युरोंची, म्हणजे जवळपास बारा टक्क्यांची कपात केली. त्याआधी जून २०२४ मध्ये शेंगेन व्हिसाचे शुल्क ८० युरोवरून ९० युरो झाले होते. व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत. या बातम्या आपल्याकडे कुणी फारशा वाचल्या नाहीत. परक्या देशातल्या कलेच्या बजेटशी आपला काय संबंध, असे कुणालाही वाटेल. पण गेल्या काही वर्षांत आपल्याच समाजातून गेलेल्या कलावंतांनी ज्या व्यवस्थेच्या आधाराने महत्त्वाचे काम उभे केले, तीच व्यवस्था आता आक्रसू लागली आहे. म्हणून या बातम्यांकडे नीट पाहिले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

आधी ही व्यवस्था समजून घेऊ. तिला ‘आर्टिस्ट रेसिडेन्सी’ म्हणतात. कलावंताला काही महिने किंवा एक-दोन वर्षे राहायला जागा, कामाला स्टुडिओ आणि खर्चापुरते मानधन मिळते. अट एकच, नवे काम करायचे. ॲमस्टरडॅमची १८७० साली स्थापन झालेली राईक्सअकादमी आज एका जुन्या घोडदळाच्या बराकीत चालते. तिथे दोन वर्षे स्टुडिओ मिळतो आणि मातीकाम, लाकूडकाम, छपाई यांच्या कार्यशाळा वापरता येतात. जर्मनीच्या डाड या संस्थेचा बर्लिनमधला कार्यक्रम साठच्या दशकापासून चालू आहे. दरवर्षी वीसेक परदेशी चित्रकार, लेखक, संगीतकार आणि चित्रपटकार तिथे साधारण वर्षभर राहतात. ज्यांना स्वतःच्या देशात लिहिल्याबद्दल तुरुंगाची किंवा जिवाची भीती आहे, त्यांच्यासाठी २००६ पासून ‘आयकॉर्न’ हे शहरांचे जाळे काम करते. त्याचे कार्यालय नॉर्वेतल्या स्टावांगर शहरात आहे आणि सत्तरहून अधिक शहरे त्यात सहभागी आहेत.

या सगळ्यात मुख्य गोष्ट म्हणजे वेळ. तयार काम विकत घेणारे पुष्कळ असतात. जे काम अजून झालेलेच नाही, त्यावर विश्वास ठेवून पैसे देणारे फार थोडे.

पुण्याच्या राज्यश्री गुडी यांचे उदाहरण घ्या. दलित आत्मकथनांत भुकेचे, शिळ्या भाकरीचे, मागून आणलेल्या अन्नाचे जे उतारे येतात, ते त्यांनी पाककृतींच्या रूपात मांडले. ‘साहित्य’ आणि ‘कृती’ अशा सरळ भाषेत भूक वाचायला मिळाली की वाचणाऱ्याला पळवाट राहत नाही. त्या राईक्सअकादमीत दोन वर्षे होत्या.

दुसरे उदाहरण केरळचे साजन मणी. रबराच्या झाडांचा चीक काढणाऱ्या दलित कुटुंबातले हे कलावंत बर्लिनला राहायला गेले आणि २०२१ मध्ये बर्लिन आर्ट प्राइझ मिळवणारे पहिले भारतीय ठरले. वसाहतकाळात आपल्याकडच्या माणसांना ‘नमुने’ म्हणून उभे करून काढलेली छायाचित्रे बर्लिनच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात आहेत. मणी यांनी तो संग्रह अभ्यासला आणि ज्या रबरावर घरच्यांचे पोट चालले, त्याच रबरावर त्या प्रतिमा छापल्या. असे काम आठ दिवसांच्या दौऱ्यात होत नाही. त्यासाठी त्या शहरात राहावे लागते, कपाटे उघडून बसावे लागते.

इथे कुणी म्हणेल, आपल्या कलावंतांना रेसिडेन्सी कशाला हवी? वाटेगावहून मुंबईला आलेल्या अण्णाभाऊ साठे यांना कोणी स्टुडिओ दिला होता? घाटकोपरच्या चिरागनगरात राहून त्यांनी लिहिले, १९५९ साली ‘फकिरा’ आली. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक मुंबईत मजुरी करता करता अक्षरे शिकले आणि गीतकार झाले. मग कष्टातूनच खरी कला येते, हे सिद्ध झाले की!

आम्हाला हा युक्तिवाद धोक्याचा वाटतो. यात आपण फक्त टिकलेल्यांची मोजणी करतो. अण्णाभाऊ पन्नाशीच्या आत गेले. त्यांना दोन वर्षांची उसंत मिळाली असती तर आणखी काय लिहून झाले असते, याचा हिशेब कुणी मांडला नाही. आणि ज्यांचा आवाज बिगारीच्या कामात, वॉचमनच्या रात्रपाळीत, मजूर नाक्यावर उभे राहण्यात संपला, त्यांची तर नावेही आपल्याकडे नाहीत. मराठवाड्यातून, विदर्भातून मुंबई-पुण्याला आलेले गायक, ढोलकीवादक, कवी आम्हाला वस्त्यांमध्ये नेहमी भेटतात. तेही स्थलांतरित कलावंतच आहेत. त्यांना गळा आहे, शब्द आहेत. सलग चार दिवस मात्र हाताशी नाहीत.

त्यांच्यापैकी कुणी परदेशातल्या रेसिडेन्सीसाठी अर्ज करू शकेल का? अर्जाला इंग्रजीतले निवेदन लागते, कामाचे नीट काढलेले फोटो-व्हिडिओ लागतात, नामवंतांची शिफारसपत्रे लागतात. ज्याची गाणी वहीत आणि मोबाईलमध्ये पडून आहेत, तो पहिल्याच पायरीवर बाहेर पडतो. निवड गुणवत्तेवर होते हे खरे मानले, तरी गुणवत्ता कागदावर मांडण्याची सोय कुणाकडे आहे, हा समाजशास्त्राचा प्रश्न उरतोच. कलामहाविद्यालय, शहर, इंग्रजी, ओळखी हे भांडवल जातीनुसार वाटले गेले आहे.

दुसरा धोका वेगळा आहे. स्थलांतरित किंवा दलित कलावंताकडून अनेकदा फक्त जखमेची अपेक्षा केली जाते. तू तुझे दुःख दाखव, आम्ही टाळ्या वाजवू. गुडी आणि मणी यांनी हे टाळले. त्यांनी दुःखाचे प्रदर्शन मांडले नाही, पाहणाऱ्यालाच प्रश्न विचारला. आपल्या तरुणांनी त्यांच्याकडून हे जरूर घ्यावे.

आता आपल्या सरकारकडे पाहू. बडोद्याच्या सयाजीरावांनी १९१३ साली बाबासाहेबांना तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. त्या वेळातून काय उभे राहिले ते आपण जाणतो. आज केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत. पण २०२२ च्या नियमांनी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय त्यातून वगळले. म्हणजे आपल्याच लोकांचा इतिहास परदेशी जाऊन अभ्यासायचा तर ही मदत नाही. २०२५ मध्ये निवड झालेल्या १०६ जणांपैकी आधी फक्त ४० जणांना पत्रे मिळाली, बाकीच्यांना निधी उपलब्ध होईपर्यंत थांबा असे सांगण्यात आले. शिवाय ही योजना पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी.पुरतीच आहे. रेसिडेन्सीला पदवी नसते, त्यामुळे कलावंत तिच्या चौकटीतच बसत नाही.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, ज्या तरुणांना इंग्रजी आणि कॅमेरा येतो त्यांनी आपल्या भागातल्या एका तरी कलावंताच्या कामाची नीट नोंद करावी आणि अर्ज लिहून द्यावा. दुसरी, शिष्यवृत्तीसाठी आंदोलन करणाऱ्या विद्यार्थी संघटनांनी आपल्या मागण्यांत कलावंतांसाठीचे पाठ्यवेतन आणि विषयबंदी उठवणे या दोन गोष्टी घालाव्यात. तिसरी सूचना आपल्या आवाक्यातली आहे. समाजमंदिरातली किंवा वसतिगृहातली एक खोली, तीन महिन्यांचे जेवण आणि बुडणाऱ्या मजुरीची भरपाई, एवढे दहा-वीस नोकरदार मिळून करू शकतात. बदल्यात त्या कलावंताकडून एकही कार्यक्रम मागायचा नाही. त्याला लिहू द्यायचे, चाल बांधू द्यायची, चुकू द्यायचे.

बर्लिनची तिजोरी कधी उघडेल ते आपल्या हातात नाही. ही एक खोली मात्र आपल्या हातात आहे. येत्या पावसाळ्याआधी आपल्या शहरात ती कुठे मिळेल, एवढे तरी शोधायला लागू या.

जय भीम!